वैशालीची साडेपाच वर्षं

एका खुर्चीत पंचवीस वर्षं बसलं की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना निदान तेल तरी चोळता येतं. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय उतरत नाहीत. त्यात माझी खुर्ची टाइम ऑफिसातली! म्हणजे हजेरी, रजा, लेटमार्क सगळं माझ्याकडे. माणूस उशिरा आला की पहिलं तोंड माझंच बघतो, आणि तोंड बघितलं की कारण सांगतो. बॉसला सांगतात ती कारणं निराळी हं. मला सांगतात ती खरी असतात.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. ऑफिस मरोळला, अंधेरी पूर्वेला. कुठल्याही सोसायटीत लिफ्ट अडकली की फोन आमच्या हेल्पडेस्कवर येतो, आणि तिथून जवळचा टेक्निशियन धावतो. वर्षानुवर्षं सगळं नऊच्या ठोक्याला चालायचं. मग एक दिवस पुण्याहून तन्वी आली, नवी एचआर. वय सव्वीस. बोलणं इतकं गोड की आमच्या लोकांना आधी संशयच आला. मुंबईत कोणी 'कृपया' म्हटलं की वाटतं, उद्या पाणी येणार नाही!

तर तन्वीनं ग्रुपवर मेसेज टाकला, 'सोमवारपासून सर्व कर्मचाऱ्यांसाठी फ्लेक्सी.' बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी स्टोअरचे सावंत माझ्या खिडकीशी हजर. सावंत म्हणजे मूळ मालवणचे, वडील गिरणीत होते, हे आमच्याकडे तीस वर्षं नट-बोल्ट मोजतायत. खिशातून त्यांनी जपून एक फोटो काढला. गावच्या गणपतीतला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात चेन, हात कमरेवर.

"गो मालू, ह्यो फोटो चलात मां?"

"कशाला?"

"फ्लेक्साक! सोमवारी सगळ्यांचो फ्लेक्स लावतत ना?"

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. शेवटी तन्वीला बोलावलं. तिनं बिचारीनं दहा मिनिटं समजावलं, की काका, फ्लेक्सी म्हणजे बॅनर नव्हे, आपापल्या सोयीनं कामाला येण्याची सवलत. अकरा ते एक मात्र सगळ्यांनी हजर असायचं, बाकी तास सकाळी भरा नाहीतर संध्याकाळी. सावंतांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फोटो परत खिशात टाकत म्हणाले, "म्हणजे फोटो नायच? मग कंपनीन दिल्यान काय?"

✱

नंतर तन्वीनं फॉर्म वाटले. हवी ती वेळ लिहा आणि पुढे कारण लिहा. फॉर्म गोळा झाले माझ्याकडे. काय एकेक कारणं! एकानं लिहिलं, 'नळाला पाणी साडेनऊला येते.' एकीनं लिहिलं, 'मुलीची शाळा दुपारची', आणि खाली कंसात, 'शाळेची चूक आहे, माझी नाही.' एका बहाद्दरानं नुसतंच 'झोप' लिहिलं होतं. मी तो मंजूर केला. एवढा खरेपणा हल्ली बघायला मिळतो कुठे!

तन्वी सगळे फॉर्म चाळत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मालूताई, तुम्ही साडेआठची वेळ मागितलीत? पण तुम्ही भांडुपहून येता. एवढ्या लवकर कशाला? आणि कारण रिकामंच सोडलंय."

मी म्हटलं, "आण इकडे." आणि तिच्यासमोर लिहिलं, 'नवरा रिटायर झाला आहे.'

तन्वीचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तिला काही कळलं नाही. शेजारच्या दोघी मात्र लगेच उठल्या आणि आपापले फॉर्म परत मागून साडेआठ करून गेल्या.

✱

प्रशांत आमचा मुलुंड-घाटकोपरचा टेक्निशियन. पोरगा हुशार, पण सवयीचा गुलाम. त्याला झाली मुलगी. बायको नर्स, तिची ड्युटी बदलती. मग त्यानं फ्लेक्सीत दुपारची वेळ घेतली, टेक्निशियनना अकरा ते एकची अट नव्हती. सकाळी बाळ ह्याच्याकडे, एक वाजता बायको घरी आली की हा कामावर.

आता आमच्या टेक्निशियनना एक सवय लावलेली असते. काम अर्धं टाकून दुसऱ्याला द्यायचं झालं तर जॉबकार्ड भरायचं. काय केलं, काय राहिलं, सही. प्रशांत आणि बायकोची भेट व्हायची फक्त दारात, ती चप्पल काढतेय आणि हा घालतोय अशी. बोलायला वेळच नाही. तर ह्या शहाण्यानं घरी कंपनीचं जॉबकार्ड पॅडच नेलं! आणि रोज बाळाच्या पाळण्याला कार्ड अडकवून यायला लागला.

मला कळलं कसं? एक दिवस त्यानं घाईत घरचं कार्ड ऑफिसात जमा केलं. आमच्या मॅनेजर देशमाने साहेबांच्या टेबलावर. साहेब वाचतायत, 'दूध दिले. ढेकर काढला. शी झाली नाही, पेंडिंग. आवाज येतो, कारण समजले नाही.'

आणि खाली बायकोच्या अक्षरात शेरा होता, 'काम असमाधानकारक. याच माणसाला पुन्हा पाठवावे.'

✱

आता वैशालीचं सांगते. खरं तर हे सगळं मी तिच्यासाठीच सांगायला बसलेय.

वैशाली हेल्पडेस्कवर. मनोरीची कोळीण. बोटीनं मार्वे, तिथून बसनं मालाड, मग अंधेरी, असा तिचा रोजचा प्रवास. आवाज खणखणीत, पण फोनवर कोणी घाबरलेलं असलं की असा मऊ होतो की विचारू नका. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी टेक्निशियन पोचेपर्यंत बोलत राहायचं, हे तिचं काम. तिच्यासारखं ते कोणालाच जमत नाही, हे मी रजिस्टर बघून सांगते, मैत्रीण म्हणून नाही.

लग्नानंतर दोन पोरं झाली, मग सासू अर्धांगानं अंथरुणावर पडली. तेव्हा फ्लेक्सी-बिक्सी काही नव्हतं. तिनं आमच्याकडे नोकरीच अर्धवेळ धरली. सासूचं सगळं केलं, पोरं मोठी केली, आणि हे सगळं करत अकरा वर्षं डेस्कही सांभाळला. सासू गेली, पोरगा कॉलेजात गेला. फ्लेक्सी आल्यावर तिनं पूर्ण तास घेतले, पण त्याचं वर्ष अजून भरायचं होतं. सकाळचे ऑफिसात, संध्याकाळचे घरून.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. डेस्क इन-चार्जची खुर्ची. मागे दोनदा ती जागा निघाली आणि दोन्ही वेळा तिनंच शिकवलेली पोरं त्या खुर्चीत बसली. का? तर देशमाने साहेबांचा नियम. अर्धवेळेचं एक वर्ष म्हणजे सेवेचं अर्धं वर्ष. इन-चार्जला आठ वर्षं लागतात. वैशालीची अकरा म्हणजे झाली साडेपाच.

आणि फॉर्मवर 'सेवेची वर्षे' हा रकाना कोण भरतं? मी. दोन्ही वेळा माझ्या हातानं मी तिथे अर्धंच लिहिलं. लाज वाटली. पण नियम म्हणजे नियम म्हणून लिहिलं.

या वर्षी परत जागा निघाली. वैशाली खिडकीशी आली, फॉर्म ठेवला आणि म्हणाली, "मालूताई, या वेळी पण नाही झालं ना, तर मी राजीनामा देणार. मालाडला आई मासे विकते, तिच्या शेजारी जाऊन बसणार."

"वेडी आहेस काय? अकरा वर्षं पाण्यात घालवतेस?"

"मी कुठे घालवते? तूच तर घालवतेस, दर वेळी अर्धी!" असं म्हणून हसली. मला काही हसू आलं नाही.

तिथे तन्वी उभी होती. ती आपली पुणेरी समजूत काढायला गेली. "वैशालीताई, वाईट नका वाटून घेऊ. पार्टटाइम करिअरला थोडा वेळ लागतोच."

वैशाली म्हणाली, "माझी आई बोट येईल तशी बाजारात बसते. मासळी संपली की उठते. कधी तीन तास, कधी आठ. चाळीस वर्षं झाली. तिला अजून कोणी पार्टटाइम कोळीण म्हणालेलं नाही. म्हणून बघ एकदा, मी येते सोबत!"

तन्वी गेली नाही. पण त्या दिवसापासून ती वैशालीच्या बाजूनं झाली.

✱

बोटीचा किस्सा तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. वैशालीची घरची ड्युटी चारला सुरू व्हायची. एका दिवशी बस उशिरा पोचली, आणि चारला ती अजून मार्व्याच्या धक्क्यावर. ड्युटी सुरू झाली म्हणजे डेस्कचा फोन तिच्या मोबाइलवर वळलेला. बोटीत पाय ठेवला न ठेवला तोच वाजला!

मुलुंडची एक आजी. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, एकटी, हातात भाजीची पिशवी, आणि रडायच्या बेतात. वैशालीनं एका हातानं प्रशांतला मेसेज केला आणि आजीला बोलण्यात गुंतवलं. आजी, भाजी काय घेतली? वांगी? कशी करणार, भरली का? मसाला कुठला? बोट सुटली. इंजिन लागलं धडधडायला.

आजी एकदम ओरडली, "अगं, चालू झाली! लिफ्ट चालू झाली! आवाज येतोय!"

"नाही हो आजी, ही माझी बोट आहे."

"कसली बोट?"

"मनोरीची. मी बोटीत आहे."

आजीचं रडणं पळालं. मग म्हणाली, "अगो बाई! म्हणजे पाण्यात? एकटी आहेस? घाबरू नकोस हं. मी आहे फोनवर!"

प्रशांतनं दार उघडलं तेव्हा आजी लिफ्टमध्ये खाली बसून वैशालीला धीर देत होती. बाहेर यायला तयार नाही. म्हणे, "थांब रे, आधी ती पोरगी काठाला लागू दे!"

✱

सावंत अठ्ठावन्नचे झाले तेव्हा तन्वीनं त्यांच्यासाठी एक छान योजना आणली. एकदम घरी बसायचं नाही. पहिलं वर्ष आठवड्याला तीनच दिवस यायचं, म्हणजे हळूहळू रिटायर व्हायची सवय होते. सावंत म्हणाले, "बरा." सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरलं.

मंगळवारी सावंत हजर!

"काका, आज तुमचा दिवस नाही."

"कामाक खंय इलंय? चायेक इलंय."

गुरुवारी पण चहाला. शनिवारी पण. स्टोअरमध्ये जाऊन बसायचे, कोणी नट मागितला की द्यायचे आणि म्हणायचे, "आज माझी सुट्टी हा, पण घे." तन्वीला काळजी. ती म्हणाली, घरी काही त्रास तर नाही ना, आपण त्यांच्या घरच्यांशी बोलू या. तर दुसऱ्याच दिवशी घरचं माणूसच आलं. सावंतांच्या मिसेस. माझ्या खिडकीत एक अर्ज सरकवला. स्वच्छ अक्षरात लिहिलेला.

'माझ्या नवऱ्याला सुट्टीचे तीन दिवस दिले आहेत ते कोणाला विचारून दिले? माझी संमती नाही.'

✱

हसता हसता एक जरा निराळा सांगते. देशमाने साहेब आमचे कडक. फ्लेक्सीवर त्यांचा पहिल्यापासून राग. "मी पंचवीस वर्षं नऊला येतो, माझं काय बिघडलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर साहेब माझ्या खिडकीशी आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मालूताई, ते कमी तासांचं... फॉर्म असतो ना एक?"

"कोणाला पाहिजे?"

"आहे एकजण."

मी फॉर्म दिला. तिथेच उभं राहून त्यांनी नाव लिहिलं. स्वतःचं. त्यांची आई बोरिवलीला त्यांच्याकडे राहायला आली होती. विसरायला लागली होती. दुपारी तीननंतर सांभाळायला बाई मिळत नव्हती आणि आई दार उघडून खाली निघून जायची. एकदा तर वॉचमननं स्टेशन रोडवरून आणलं. हे सगळं ते मला फॉर्मकडे बघत सांगत होते. वाईट वाटलं मला. एवढा मोठा माणूस, आणि अपराध्यासारखा उभा.

मी म्हटलं, "साहेब, यात लपवायचं काय? सही करा, उद्यापासून तीनला निघा."

त्यांनी सही केली. मी म्हटलं, "मागच्या बाजूला पण एक लागते."

त्यांनी फॉर्म उलटला. मागे त्यांचाच नियम छापलेला. 'कमी तासांचे एक वर्ष हे सेवेचे अर्धे वर्ष धरले जाईल. मला मान्य आहे.' खाली सहीची जागा.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हे कोणी... बरं, असू दे." आणि फॉर्म घडी करून खिशात घालून गेले. तीनला मात्र दुसऱ्या दिवसापासून निघायला लागले. मी हजेरी कापली नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

✱

आणि मग आला इंटरव्ह्यूचा दिवस. इन-चार्जच्या जागेचा.

हेड ऑफिसहून मोठे साहेब आले होते. कमी बोलणारा माणूस. त्यांच्या एका बाजूला देशमाने साहेब, दुसऱ्या बाजूला तन्वी. मला कोपऱ्यात बसवलेलं, हजेरी आणि कामाची रजिस्टरं घेऊन, काही लागलं तर असावं म्हणून. वैशाली आली. हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा. पर्समध्ये राजीनामा लिहून आणलेला. मला सकाळीच दाखवला होता तिनं.

मोठ्या साहेबांनी फॉर्म उचलला. "सेवा साडेपाच वर्षं. जागेला आठ लागतात. मग यांना बोलावलं कशाला?"

तन्वी लाल झाली. "सर, मी बोलावलं. आहेत अकरा वर्षं. पण अर्धवेळ, म्हणून..."

"म्हणजे अनुभव साडेपाचच झाला ना?"

देशमाने साहेब पंख्याकडे बघत होते.

वैशाली म्हणाली, "साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"अकरा वर्षांत जेवढी माणसं माझ्या फोनवर लिफ्टमध्ये अडकली, ती मी अर्धीच बाहेर काढली का? म्हणजे कमरेपर्यंत?"

तन्वीच्या हातातलं पेन खाली पडलं. मोठे साहेब हसले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"रजिस्टर तुमच्याकडे असतं ना? काय म्हणतंय?"

म्हटलं, आज नाही बोलले तर परत आरशात तोंड बघायला नको. "साहेब, रजिस्टरमध्ये अर्धं माणूस एकही नाही. सगळी पायांसकट बाहेर आलीत."

"मग हे साडेपाच कोणी लिहिलं?"

अक्षर माझं होतं. मी हात वर केला. समोर बघते तर देशमाने साहेबांचाही हात वर!

मोठ्या साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे दोघांनी मिळून अर्धं-अर्धं लिहिलंत होय?" असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि फॉर्मवर ठेवून माझ्याकडे सरकवलं. "आता पूर्ण लिहा."